पिल्लू घाबरतं तेव्हा ते नेमकं काय शिकतं?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दलचा आधीचा आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या मूळ जागी परत सोडावीत, असं ठरलं. त्या आदेशात अपवाद होता तो रेबीज झालेल्या, तसा संशय असलेल्या आणि आक्रमक वागणाऱ्या कुत्र्यांचा. ज्यांना कुत्रं दत्तक घ्यायचं आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची, असंही त्यात आहे. तेव्हापासून सोसायट्यांच्या बैठकांत, घरोघरी जेवताना या विषयावर वाद झडतात. त्या वादात ‘आक्रमक’ हा शब्द सतत येतो, पण कुत्रं आक्रमक होतं कसं, याची विचारपूस फारशी होत नाही.

अंगावर धावून येणाऱ्या कितीतरी कुत्र्यांच्या मुळाशी राग नसतो, भीती असते. आणि ती भीती बऱ्याचदा पिल्लूपणीच पक्की झालेली असते. म्हणून पिल्लाला ‘बस’, ‘हात दे’ शिकवण्याआधी एक जास्त महत्त्वाची गोष्ट शिकवावी लागते: दचकल्यावर सावरायचं कसं. प्रशिक्षणाच्या व्हिडिओंमध्ये ‘सोशलायझेशन’, ‘पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट’ (म्हणजे हव्या त्या कृतीला बक्षीस) असे शब्द भराभर येतात आणि नवा मालक गोंधळून जातो. त्यातलं खरं काय, करायचं काय आणि कशासाठी, ते नीट पाहू.

न घाबरणं वेगळं, सावरणं वेगळं

स्वयंपाकघरात ओट्यावरून स्टीलचं ताट खाली पडलं, असं समजा. एक पिल्लू उडतं, कान मागे पाडतं, दोन पावलं मागे सरकतं. मग थबकतं. अंग झटकतं, जसं पावसात भिजल्यावर झटकतात तसं. मान लांब करून ताटाकडे पाहतं, आणि थोड्या वेळात नाक पुढे करून ते ताट हुंगायला येतं. दुसरं पिल्लूही तितकंच दचकतं, पण दिवाणाखाली शिरतं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारातच थांबतं.

दोघांनाही भीती वाटली. भीती वाटणं हा दोष नाही, जगण्यासाठी लागणारी ती सोय आहे. धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनालिन उसळतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, छाती धडधडते, पाय पळायला तयार होतात. फरक पडतो तो पुढच्या भागात. पहिल्या पिल्लाचं शरीर पुन्हा खाली येतं, त्याचं कुतूहल जागं होतं. दुसऱ्याचं ताणलेलंच राहतं. भावनिक कणखरपणा म्हणतात तो एवढाच: घाबरल्यावर पूर्वपदावर येण्याची क्षमता.

ही क्षमता थोडी जन्मतः येते. आईबाप भित्रे असतील, गरोदरपणी आईची उपासमार किंवा मारहाण झाली असेल, तर पिल्लू आधीच दोन पावलं मागून सुरुवात करतं. हे मान्य करायलाच हवं, नाहीतर मालक उगाच स्वतःला दोष देत बसतो. पण उरलेला मोठा भाग अनुभवाने घडतो, आणि तो आपल्या हातात असतो.

पहिल्या तीन महिन्यांची घाई कशासाठी?

पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, ऐकूही जवळपास तेव्हाच येऊ लागतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याचा मेंदू एक मोठं काम करत असतो: या जगात नेहमीचं काय आणि परकं काय, याची नोंद. या काळात जे शांतपणे, सुखाने अनुभवलं ते ‘आपलं’ ठरतं. जे कधी पाहिलंच नाही ते पुढे संशयास्पद वाटतं.

१९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत काही पिल्लं कुंपण घातलेल्या मैदानात आईबरोबर वाढवली, माणसाशी संबंध येऊ न देता. वेगवेगळ्या वयात त्यांतली काही थोड्या दिवसांसाठी माणसांच्या सहवासात आणली. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढेही माणसाजवळ यायला तयार होईनात. खायला-प्यायला काही कमी नव्हतं, आई जवळ होती, फक्त माणूस नव्हता. एवढ्याने हा फरक पडला.

याचा अर्थ पिल्लू चार आठवड्यांचं असतानाच उचलून आणावं असा नाही. उलट. आई आणि भावंडांकडून ते जे शिकतं ते कोणताही प्रशिक्षक शिकवू शकत नाही. खेळताना जोरात चावलं की भाऊ किंचाळतो आणि खेळ थांबतो, हा दात आवरण्याचा पहिला धडा. भारतातल्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरीही महिन्याभराची पिल्लं खोक्यातून सर्रास विकली जातात. अशा ठिकाणाहून पिल्लू घेऊ नका.

सोशलायझेशन म्हणजे ही ओळख करून देणं. मात्र त्याचा अर्थ लोक भलताच घेतात. पिल्लू कडेवर घेऊन लग्नाच्या हॉलमध्ये फिरवणं, सोसायटीतल्या दहा मुलांच्या हातात आळीपाळीने देणं, मोठ्या कुत्र्यासमोर सोडून ‘होईल दोस्ती’ म्हणणं, हे सोशलायझेशन नव्हे. किती गोष्टी दाखवल्या यापेक्षा त्या पाहताना पिल्लाला कसं वाटलं, हे मोजायचं. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री उघडणं, काठी टेकत चालणारे आजोबा, रेनकोट, व्हीलचेअर, कचरा न्यायला येणारा माणूस, पायाखाली जाळी, ओली फरशी, वाळू: दिवसाला एखाददुसरी नवी गोष्ट, तीही सोसेल तेवढ्या अंतरावरून, पुरेशी आहे. उरलेल्या वेळात त्याला झोपू द्या. या वयात पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, आणि झोप अपुरी झाली की ते चिडतं, चावतं, क्षुल्लक गोष्टीला घाबरतं.

पण लसीकरण पूर्ण झाल्याशिवाय बाहेर न्यायचं नसतं ना?

ही शंका अगदी रास्त आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्याकडे या रोगाने पिल्लं फार जातात. डिस्टेंपर हा दुसरा जीवघेणा विषाणूजन्य आजारही आहेच. लसींची मालिका सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस देत साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास. म्हणजे लस पूर्ण होईपर्यंत घरातच कोंडून ठेवलं, तर शिकण्याचा तो मोलाचा काळ संपून गेलेला असतो.

अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या प्राणिवर्तन संघटनेने, म्हणजे अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेव्हियरने, यावर स्पष्ट भूमिका घेतली आहे: लसीचा पहिला डोस होऊन किमान सात दिवस झाले असतील आणि जंताचं औषध दिलेलं असेल, तर सात-आठ आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ ठिकाणच्या पिल्लांच्या प्रशिक्षण वर्गात जाऊ शकतं.

आपल्याकडे रस्त्यावर लस न झालेली कुत्री बरीच असतात, म्हणून जमिनीवर पाय टेकू न देता बाहेर न्यावं हे उत्तम. कापडी झोळीत किंवा कडेवर घेऊन गेटपर्यंत जा. वॉचमनच्या खुर्चीजवळ पाच मिनिटं उभे राहा. रिक्षा जाते, शाळेची बस थांबते, भाजीवाला ओरडतो. पिल्लू तुमच्या छातीशी सुरक्षित राहून हे पाहतं. ज्यांच्या घरच्या कुत्र्यांचं लसीकरण झालेलं आहे अशा ओळखीच्यांकडे न्या. तुमच्या भागात सध्या साथ आहे का, हे डॉक्टरांना विचारूनच पाय खाली टेकवायचे.

विहिरीत ढकलायचं की डबा बांधायचा?

गावाकडे पोहायला शिकवायच्या दोन पद्धती होत्या. काही जण पोराला सरळ विहिरीत ढकलून द्यायचे: हातपाय मारील आणि शिकेल. काही जण पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचे, पायऱ्यांजवळ उतरवायचे आणि स्वतः पाण्यात उभे राहायचे. ढकललेल्या पोरांपैकी काही शिकली, खरंय. पण ज्यांनी त्यानंतर आयुष्यभर विहिरीच्या काठावर पाय ठेवला नाही, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

घाबरलेल्या पिल्लाला फटाक्यांच्या आवाजात धरून ठेवणं, लिफ्टला भितं म्हणून ओढत आत नेणं, पाण्याला घाबरतं म्हणून बादलीत बसवणं, ही ढकलण्याची पद्धत. गंमत अशी की ती यशस्वी झाल्यासारखी दिसते. पिल्लू थोडा वेळ धडपडतं आणि मग गप्प होतं. मालक म्हणतो, ‘बघा, झाली सवय.’

ते गप्प होणं म्हणजे काय, हे समजायला १९६७ सालच्या एका प्रयोगाकडे जावं लागतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. असा प्रयोग क्रूरच आहे, आज कुणी तो करू देणार नाही. काही कुत्र्यांना डोक्याने एक पट्टी दाबून झटका बंद करता येत होता. काहींना तितकेच झटके बसत, पण थांबवण्याचा मार्ग नव्हता. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून पलीकडे गेली. दुसऱ्या गटातली बरीचशी पडून राहिली, कण्हत, सोसत. याला ‘शिकलेली हतबलता’ असं नाव मिळालं.

याच दोघांनी २०१६ साली, मेंदूवरचं मधल्या काळातलं संशोधन हाताशी घेऊन, आपला जुना निष्कर्ष उलटा केला. त्यांच्या मते हतबलता शिकावी लागतच नाही. त्रास लांबला की मेंदू आपोआप हातपाय गाळतो. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: ‘मी काही केलं तर परिस्थिती बदलते.’ आणि मुळातल्या प्रयोगातच हेही दिसलं होतं की आधी सुटकेचा अनुभव घेतलेली कुत्री नंतर न टळणाऱ्या झटक्यांतूनही खचली नाहीत.

माझ्या मते पिल्लाच्या सगळ्या शिकवणुकीचा गाभा इथे आहे. त्याला कणखर करायचं तर भीतीचे डोस वाढवून भागत नाही. त्याच्या छोट्या आयुष्यात ‘मी मागे सरकलो तर मला सरकू देतात, मी पुढे गेलो तर चांगलं घडतं’ असे शेकडो अनुभव साठले पाहिजेत. डबा बांधायचा तो याचा.

कुकरच्या शिट्टीपासून सुरुवात

मराठी घरात पिल्लाला रोज दचकवणारी गोष्ट म्हणजे कुकर. सरावासाठी तीच घेऊ. स्वयंपाकघराचं दार लावा आणि पिल्लाला घेऊन घराच्या दुसऱ्या टोकाला बसा. हाताशी उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे शेंगदाण्याएवढे तुकडे ठेवा. शिट्टी झाली की लगेच एक तुकडा द्या. दुसरी झाली, दुसरा तुकडा. बाकी काही बोलायचं नाही, करायचं नाही.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी शिट्टी, मग खाऊ. उलटं केलंत, म्हणजे खाऊ दाखवला आणि मग शिट्टी झाली, तर हुशार पिल्लू पनीरलाच घाबरायला लागतं. इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर जे दाखवून दिलं ते हेच: एका गोष्टीपाठोपाठ दुसरी हमखास येत राहिली, की पहिलीचा अर्थ शरीर स्वतः बदलून घेतं. भीतीच्या गोष्टीला सुखाचा अर्थ जोडण्याच्या या पद्धतीला ‘काउंटर-कंडिशनिंग’ म्हणतात. काही दिवसांनी शिट्टी झाली की पिल्लू दचकण्याऐवजी वळून तुमच्या हाताकडे पाहील, कान पुढे, शेपूट सैल. तो क्षण दिसला की दार किंचित उघडं ठेवा. मग थोडं जवळ बसा. एखाद्या दिवशी ते पुन्हा बिचकलं, तर पुन्हा लांब.

लांब कधी जायचं, हे पिल्लूच सांगतं, आपल्याला पाहता यायला हवं. नेहमी तुटून पडतं तो तुकडा तोंडाजवळ नेऊनही घेत नसेल, तर आवाज फार जवळ आहे. झोप आलेली नसताना जांभई देणं, जीभ झटकन नाकावरून फिरवणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, एक पंजा उचलून थबकणं, शेपूट पोटाखाली घेणं, हे सगळं ‘मला हे जड जातंय’ म्हणणं आहे. गुरगुरणं फार नंतर येतं. ‘आमचा काहीही न सांगता चावला’ असं म्हणणाऱ्या बहुतेक घरांत कुत्र्याने आधी बरंच काही सांगितलेलं असतं.

हीच पद्धत मिक्सरला, बेलला, दुचाकीच्या हॉर्नला. ढोल-ताशा आणि फटाक्यांसाठी मोबाइलवर आवाज लावता येतो, अगदी हळू, आपल्याला जेमतेम ऐकू येईल इतका; कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा फार तिखट असतात. दिवाळीच्या तोंडावर नव्हे, दोन-तीन महिने आधी सुरू करा. ध्वनिमुद्रणात खऱ्या सुतळी बॉम्बचा हादरा नसतो, त्यामुळे खऱ्या रात्री मदत लागेलच, पण पाया घातलेला असतो.

पिल्लालाही ‘नको’ म्हणता यावं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे एक काळी गावठी मादी आली, जेमतेम अडीच महिन्यांची. लिफ्ट जुनी, जाळीचं सरकतं दार, उघडताना मोठा खडखडाट. पहिल्याच दिवशी ती जमिनीला चिकटली. काकूंनी तिला उचललं नाही आणि ओढलंही नाही. त्या जिन्याच्या पायरीवर पट्टा सैल सोडून बसल्या. पिल्लू लिफ्टकडे पाहायचं, दोन पावलं जायचं, परत यायचं आणि काकूंच्या पायाला टेकायचं. परत आलं तरी शाबासकी, पुढे गेलं तरी शाबासकी. पुढचे काही दिवस हेच. बंद लिफ्टचं दार हुंगलं, मग उघड्या लिफ्टच्या उंबऱ्यावर पुढचे पंजे टेकवले आणि झटकन काढून घेतले. एके दिवशी ती स्वतःहून आत शिरली, गोल फिरली आणि बाहेर आली. लिफ्ट अजून हललीही नव्हती. शेजारच्यांना हा वेळेचा अपव्यय वाटत होता. आज ती त्याच लिफ्टमधून अनोळखी माणसांबरोबर शांत उभी राहून खाली जाते.

हा मागे सरकण्याचा हक्क अंगाला हात लावतानाही द्यावा. नखं कापणं, कान साफ करणं, गोचीड काढणं आयुष्यभर चालणार. पंजा हातात घ्या, एक सेकंद धरा, सोडा, खाऊ द्या. त्याने पंजा ओढून घेतला तर घेऊ द्या, धरून ठेवू नका. थोड्या वेळाने पुन्हा हात पुढे करा. ज्याला पंजा काढून घेता येतो ते पिल्लू पंजा पुढे करायला लवकर शिकतं. ज्याला चार जणांनी दाबून धरलं, ते डॉक्टरांच्या टेबलावर दात दाखवतं.

‘मग नुसते लाडच करायचे का?’

नाही. आणि याचा एक छान पुरावा आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधली ‘द सीइंग आय’ ही संस्था अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करते. तिथल्या पिल्लांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या काही आठवड्यांत ज्या माता पिल्लांना सतत चिकटून होत्या, चाटत आणि जवळ घेत होत्या, त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर प्रशिक्षणात अपयशी ठरण्याचं प्रमाण जास्त निघालं. आडवी पडून पाजणाऱ्या आईपेक्षा उभी राहून पाजणाऱ्या आईची पिल्लं अधिक यशस्वी झाली. उभ्या आईचं दूध मिळवायला धडपडावं लागतं, हे त्यामागचं संभाव्य कारण.

म्हणजे अडचणी हव्यात, पण पिल्लाला सुटतील एवढ्या. जुन्या टॉवेलात खाऊ गुंडाळून द्या, ते नाकाने उलगडत बसेल. पाच मिनिटं झगडून मिळालेला तुकडा त्याला बरंच काही शिकवतो. जेवणाची वाटी ठेवण्याआधी क्षणभर थांबा. बसलं की वाटी खाली. उशांचा ढीग, उलटं घमेलं, हलणारी फळी असा छोटा अडथळ्यांचा खेळ गच्चीवर मांडा आणि चढायचं की नाही हे त्याच्यावर सोडा. एकटं राहण्याचा सराव तर पहिल्या आठवड्यापासून हवा. दुसऱ्या खोलीत जा, ते रडण्याआधी परत या, वेळ हळूहळू वाढवा. ज्या पिल्लाला कायम मांडीवर ठेवलं आणि एके दिवशी अचानक सगळे ऑफिसला गेले, त्याचं दार ओरबाडणं हा हट्टीपणा नसतो.

नियमही असतातच. हाताला दात लागले की खेळ थांबतो, आपण उठून जातो. शांत झालं की खेळ पुन्हा सुरू. चप्पल चावतं तर चप्पल कपाटात आणि तोंडात चावायचं खेळणं. सौम्य शिकवण म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे. काय करू नकोस यापेक्षा त्याऐवजी काय कर, ते दाखवत राहणं आहे.

‘एक फटका दिल्याशिवाय त्याला कळत नाही’

कळतं, पण आपल्याला वाटतं ते नाही. फरशीवर शू केली म्हणून नाक त्यात घासलं, तर पिल्लू ‘घरात शू करू नये’ हे शिकत नाही. ‘या माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे’ हे शिकतं आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे जाऊन करतं. गुरगुरल्यावर मारलं, तर त्याची भीती जात नाही, फक्त इशारा जातो. इशारा न देणारं कुत्रं घरातल्या लहान मुलांसाठी जास्त धोक्याचं.

पोर्तुगालमध्ये श्वान प्रशिक्षण शाळांमधल्या ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये ‘प्लॉस वन’ या विज्ञान नियतकालिकात आला. ज्या शाळांत ओरडणं, झटका देऊन पट्टा खेचणं, शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा) अशा पद्धती जास्त होत्या, तिथल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि सरावानंतर लाळेतलं कॉर्टिसॉलही जास्त वाढलं. पुढे शाळेबाहेर त्यांची आणखी एक चाचणी घेतली: वाडगं अशा जागी ठेवलं की त्यात खाऊ असेल की नसेल, सांगता येऊ नये. जास्त शिक्षा सोसलेली कुत्री वाडग्याकडे हळू गेली. चांगलं काही मिळेल ही त्यांची आशाच कमी झाली होती.

जुन्या पिढीने मारून कुत्री पाळली आणि ती नीट वागली, असं कुणी म्हणेल. वाड्यात, शेतावर वाढणाऱ्या त्या कुत्र्याला दिवसभर मोकळं फिरता येत होतं, नको तिथून उठून जाता येत होतं. साडेपाचशे चौरस फुटांच्या फ्लॅटमधल्या पिल्लाला जायला जागा नसते. शिवाय प्राण्याला मारहाण करणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

‘घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते ना?’

हा समज फार रुजलेला आहे, आणि दिवाळीच्या रात्री कित्येक पिल्लं यापायी एकटी थरथरत बसतात. बक्षिसाने कृती वाढते. भीती ही कृती नव्हे, भावना आहे. कुरवाळल्याने कुणी जास्त घाबरत नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की खाऊ मिळवण्याचं कोडं सोडवताना मालक जवळ असेल तर कुत्री जास्त वेळ चिकाटीने प्रयत्न करतात. मूल आईकडे एक डोळा ठेवून अंगणात लांबवर जातं, तसाच हा आधार आहे.

फटाक्यांच्या भीतीबद्दल मालकांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, प्रत्येक धडामनंतर खाऊ किंवा खेळ देणं हा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक ठरला. तो करून पाहणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी फायदा झाल्याचं सांगितलं. तेव्हा जवळ आलं तर घ्या. दिवाणाखाली जायचं असेल तर जाऊ द्या, तिथेच पाणी आणि चादर ठेवा. खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, फेरी अंधार पडण्याआधी उरका. ओढून बाहेर काढायचं मात्र नाही.

खाऊची लाच आणि रस्त्यावरची पिल्लं

‘खाऊ नसला की ऐकणारच नाही’ ही तक्रार खरी ठरते, जेव्हा खाऊ आधी दाखवला जातो. आधी कृती, मग खाऊ, आणि सवय पक्की झाल्यावर कधी खाऊ, कधी खेळ, कधी नुसतं कौतुक. तुकडे रोजच्या जेवणातून वजा करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा कधीच नको, हे घरातल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा.

सगळ्या पिल्लांना खाऊच प्रिय असतो असंही नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. अनोळखी माणसावर विश्वास बसायला वारंवार अन्न देण्यापेक्षा वारंवार प्रेमाने कुरवाळणं जास्त उपयोगी पडलं. उपाशी राहणाऱ्या प्राण्यांबद्दल हा निष्कर्ष आहे, हे लक्षात घ्या. रस्त्यावरून आणलेलं पिल्लू पहिले काही दिवस कोपऱ्यात बसून राहिलं, तर वाकून त्याच्यावर झुकू नका. जमिनीवर बाजूला तोंड करून बसा, हात खाली ठेवा, ते हुंगायला आलं की मानेखाली, छातीवर हळू खाजवा. डोक्यावर वरून हात आणू नका.

आठव्या महिन्याच्या आसपास

इथपर्यंत सगळं छान चाललेलं असतं आणि अचानक ते हाक मारली तरी ऐकेनासं होतं. ब्रिटनमध्ये वाटाड्या कुत्र्यांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ महिन्यांच्या वयात कुत्री आपल्या माणसाचं कमी ऐकतात, पण अनोळखी माणसाचं ऐकतात, असं आढळलं. वयात येणारी मुलं असलेल्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. हे तात्पुरतं असतं. नेमकं याच काळात वैतागून पुष्कळ कुत्री सोडून दिली जातात किंवा ‘कडक ट्रेनर’च्या हाती दिली जातात. आधीचेच सोपे धडे पुन्हा घ्या, पट्टा थोडा लांब ठेवा, अपेक्षा कमी करा.

काही गोष्टी मात्र वयावर ढकलू नयेत. नीट असलेलं कुत्रं एकाएकी गुरगुरू लागलं, स्पर्श नकोसा झाला, जिना चढायला कुरकुरू लागलं, तर आधी डॉक्टरांकडे जा. कान, दात, नितंबाचे सांधे, पोट यांचं दुखणं बऱ्याचदा वागण्यातूनच बाहेर येतं. भीतीपोटी ते खातच नसेल, तासन्‌तास धापा टाकत असेल, स्वतःला चावत असेल, तर केवळ सरावाने भागणार नाही. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली औषधंही लागतात आणि ती देण्यात कमीपणा काही नाही. माणसांच्या झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या मनाने देऊ नका. ट्रेनर निवडताना एकच प्रश्न विचारा: ‘पिल्लाने चुकीचं केलं तर तुम्ही काय करता?’ उत्तरात फटका, झटका किंवा ‘बॉस कोण ते दाखवतो’ आलं, तर तिथून निघा.